परतीचं पाणी

एका लिटर पाण्याचं वजन एक किलो. शाळेत पाठ केलेली ही गोष्ट प्रत्यक्ष पाठीला समजायला मला पन्नाशी गाठावी लागली. समजली ती अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेला, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरून कोलोरॅडो नदीपर्यंत उतरणाऱ्या नॅनकोविप नावाच्या वाटेवर. सॅकमधलं बाकी सगळं हलकं करता येतं. तंबू किलोभराचा मिळतो, स्लीपिंग बॅग पिसांची मिळते, टूथब्रशची दांडी कापून चार ग्रॅम वाचवणारे महाभागही मी पाहिलेत. पाण्याचं वजन मात्र कितीही पैसे टाकले तरी कमी होत नाही. आणि या वाटेवर पठाराच्या काठापासून खालच्या ओढ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ १७ किलोमीटर, भरवशाचं पाणी नाही. मध्ये एका कड्याखाली पाझर आहे. तो कधी असतो, कधी नसतो. त्याच्या भरवशावर कुणी निघत नाही.

यावर इथल्या चालणाऱ्यांनी काढलेला तोडगा असा की उतरतानाच जास्तीचं पाणी घ्यायचं आणि ठरावीक टप्प्यांवर ते परतीसाठी ठेवत जायचं. बाटलीवर नाव आणि परतीची तारीख लिहायची. ऊन लागणार नाही, उंदरांना पोचता येणार नाही आणि डोमकावळ्यांच्या नजरेला पडणार नाही अशी कपार शोधायची. इथले डोमकावळे सॅकची चेनसुद्धा उघडतात, बाटलीला भोक पाडणं ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट. आणि परत येताना पाणी संपलेलं असो वा नसो, बाटली उचलून न्यायची.

ऐकायला हे सोपं आहे. करताना मात्र पहिल्याच थांब्यावर आमचं भांडण झालं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा कॉलेजातला मित्र आणि त्याची फिनिक्समध्येच जन्मलेली, वाढलेली मुलगी. मित्र मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीजवळचा. टँकरची वाट बघत घागरी-हंड्यांची रांग लावण्यात त्याचं बालपण गेलेलं. त्याने माणशी तीन लिटर ठेवायचं ठरवून टाकलं होतं. मुलीचं म्हणणं दोन पुरे. उरलेलं खाली नेऊ, आज रात्री उपयोगी पडेल.

"चढताना विचार मला," तो म्हणाला.

"चढताना कसं विचारणार, बाबा? तेव्हा तर सगळं ठरवून झालेलं असेल."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने तीनच ठेवले. तिने जाड मार्करने आधी रोमन लिपीत नियमाप्रमाणे नाव-तारीख लिहिली आणि खाली देवनागरीत, बारा वर्षांच्या मुलाच्या वळणाने, 'परतीचं' असं लिहिलं. हे कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, "काका, आपल्यालाच कळावं म्हणून."

'चढताना कसं विचारणार' या तिच्या प्रश्नाने मात्र मला वाटभर छळलं. उतरणारा माणूस चढणाऱ्या माणसाच्या वतीने निर्णय घेत असतो. आणि उतरणारा माणूस मोठा बेफिकीर असतो. त्याचे पाय ताजे असतात, सकाळ थंड असते, खांदे मात्र दुखत असतात. साहजिकच त्याला वाटतं, कशाला एवढं ओझं, पुढचं पुढे बघू. पुढचं बघणारा जो कोणी असेल तो थकलेला असणार आहे, त्याच्या ओठांना भेगा पडलेल्या असणार आहेत, आणि त्याला इथे येऊन आपली बाजू मांडायची सोय नाही. तो मीच असणार आहे हे खरं. पण पाणी ठेवताना तो मला माझ्यापेक्षा एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखाच वाटत होता. त्याचं भलं व्हावं असं वाटतं, पण त्याच्यासाठी किती खर्च करायचा याचा मनात हिशोब चालूच असतो.

सह्याद्रीत चाळीस वर्षांपूर्वी भटकायला लागलो तेव्हा हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे आधी चढायचं आणि मग उतरायचं. दमल्यावरचा प्रवास घराकडे, आणि गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूला. शिवाय गडावर टाकं असायचंच. कातळात खोदलेलं, पायऱ्या उतरून गेलं की गारेगार पाणी. ते कुणी खोदलं, किती हातांनी, किती उन्हाळ्यांत, याचा विचार न करता बाटल्या भरायच्या आणि पुढे व्हायचं. आपल्यासाठी आधीच कुणीतरी पाण्याची सोय करून ठेवली आहे, अशा प्रदेशात आम्ही चालायला शिकलो. कॅन्यनमध्ये सगळंच उलटं. इथे डोंगर आधी उतरायचा असतो. हवाहवासा उतार सकाळीच संपतो आणि सगळी वसुली शेवटी असते. वाटेच्या वरच्या टोकाची उंची सुमारे ८,८०० फूट आणि नदी तीन हजार फुटांच्याही खाली. म्हणजे मधला फरक सहा हजार फुटांच्या आसपास. कळसूबाई समुद्रसपाटीपासून ५,४०० फूट. समुद्रापासून कळसूबाई चढावी आणि वर आणखी एखादी टेकडी, असा हा परतीचा चढ.

वरच्या टोकाला पोचेपर्यंत आपण कॅन्यनला आलोय असं वाटतच नाही. कॅन्यन बघायला येणारे नव्वद टक्के लोक दक्षिण काठावर जातात. उत्तर काठ हजारभर फुटांनी उंच आहे आणि हिवाळ्यात बर्फाने बंद असतो. कायबाब पठारावर उंच पॉन्डेरोसा पाइनचं आणि फरचं रान, मध्ये अ‍ॅस्पेनचे पांढऱ्या खोडांचे पुंजके, ऑक्टोबरात पिवळेधमक झालेले. शेपूट पांढरी असलेली इथली खार जगात दुसरीकडे कुठे नाही. या काठावरचं जुनं दगडी लॉज २०२५ च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं. आम्ही गेलो ते त्याच्या आधी, तेव्हा त्याच्या मोठ्या खिडक्यांसमोर बसून कॉफी पिता आली होती. मग कच्च्या रस्त्याने झाडीतून गाडी जाते, एक फलक येतो, आणि फलकापाशी हवा विरळ असल्याची पहिली जाणीव होते, कारण सॅक उचलताच धाप लागते. पुढची पाच किलोमीटर जुन्या वणव्याने उघड्या पडलेल्या सोंडेवरून, काटेरी झुडपांतून. मग सॅडल माउंटनच्या खिंडीशी वन खात्याची हद्द संपते आणि राष्ट्रीय उद्यानाची सुरू होते. तिथून खाली डोकावलं की पोटात जो खड्डा पडतो तो पुढचे बरेच तास बुजत नाही.

ही वाट बांधली १८८२ च्या नोव्हेंबरात, आणि तीही एका दगडवेड्या माणसासाठी. अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याचा प्रमुख तेव्हा जॉन वेस्ली पॉवेल होता. गृहयुद्धात उजवा हात गमावलेला आणि १८६९ साली लाकडी होड्यांतून ही सगळी घळ पार केलेला. त्याने मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटेवरून खेचरं उतरतील अशी वाट काढवली आणि आपल्या खात्यातल्या चार्ल्स वॉलकॉट नावाच्या ३२ वर्षांच्या माणसाला ऐन हिवाळ्यात खाली पाठवलं. वॉलकॉटकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. हा पुढे याच खात्याचा आणि नंतर स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख झाला, आणि १९०९ मध्ये कॅनडात त्याला बर्जेस शेलमधले जगप्रसिद्ध जीवाश्म सापडले. १८८२-८३ च्या हिवाळ्यात मात्र तो या घळीच्या तळाशी, थंडीत, थर मोजत हिंडत होता. वर बर्फ पडल्यावर परतीची वाट बंद. तो वर येईपर्यंत पुरेल इतकं धान्य आणि सामान खेचरांवरून आधीच उतरवलं असणार. त्याचाही हिशोब उतरतानाच करावा लागला.

त्याला तिथे मिळालेल्या चुआर थरांतल्या मिलिमीटरभराच्या काळ्या चकत्यांना त्याने १८९९ मध्ये चुआरिया असं नाव दिलं. त्याला ते कुठल्यातरी आदिम प्राण्याचं कवच वाटलं होतं. आज त्याला शेवाळवर्गीय सूक्ष्मजीव मानतात. ते थर ७८ ते ७३ कोटी वर्षांपूर्वीचे.

इथे मला जरा थांबायला हवं. आम्ही सह्याद्रीवाले आमच्या कातळाचा फार अभिमान बाळगतो. लाव्ह्याचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, राकट, कणखर वगैरे. सॅडल माउंटनच्या खिंडीकडे उतरताना मी हिशोब केला. ज्या चुनखडीवर आमची गाडी उभी होती तो इथला सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात तरुण थर. त्याचं वय २७ कोटी. तिथून खाली जे काही आहे ते त्याहून जुनं. सह्याद्री इथे कुठल्याच थरात बसत नाही. तो या उतरंडीच्या वर, हवेत, कुठेतरी ठेवावा लागेल. उलट ही घळ मात्र कोवळी आहे. नदीने ती कोरली गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. दगड म्हातारा आणि दरी तरुण, ही जोडी मला फार आवडली. मित्राला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "वय नंतर सांग. आधी पाय बघून टाक."

बरोबरच होतं त्याचं. मॅरियन पॉइंटला, म्हणजे त्या पहिल्या थांब्यावर, पाणी ठेवल्यानंतर लगेच या वाटेचा तो भाग सुरू होतो, ज्याच्यामुळे उद्यानाच्या माहितीत नाव असलेल्या वाटांपैकी हिला सर्वांत अवघड म्हटलं आहे आणि उंचीची भीती असलेल्यांनी येऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. सुपाय नावाच्या लाल थराच्या पदरावरून लांबलचक आडवी वाट. सह्याद्रीत पदर म्हणजे रान, गारवा, धनगराचा वाडा. इथला पदर म्हणजे दोन कड्यांच्या मधला घसाऱ्याचा उतार आणि त्यावर कधी दोन पावलांची, कधी एका पावलाची, दरीच्या बाजूला कललेली रेघ. त्या बाजूला काही नाही. 'काही नाही' हे मी जपून वापरतोय. खाली आधी उतार दिसतो, मग त्याची कड दिसते, आणि कडेनंतर डोळ्यांना पुढची जमीन सापडते ती एकदम कितीतरी खाली, निळसर होऊन गेलेली.

अशा ठिकाणी शरीर भिंतीकडे झुकतं. ते सगळ्यात वाईट. झुकलं की पावलावरचा भार तिरका होतो आणि बारीक खडी पायाखालून निघते. कातळाला चिकटू नका, ताठ उभे रहा, असं आमच्या लहानपणी गावातले वाटाडे ओरडायचे. ते इथे लागू पडतं, पण मन ते मानत नाही. मन सांगतं, भिंतीला धर. भिंत म्हणजे कुजका शेल, हात लावला की हातात येतो. मुलगी पुढे होती, तिची चाल बघून मी चालत होतो. माझ्या मागे मित्र. हा माणूस एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही. तिथे तासभर त्याचा आवाज नव्हता. मध्येच डोक्यावरून एक प्रचंड सावली गेली. कॅलिफोर्निया काँडोर. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. १९८२ साली साऱ्या जगात हे पक्षी २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेले काही १९९६ मध्ये इथून जवळच्या व्हर्मिलियन कड्यांवरून सोडले आणि आता ते या आकाशात राजरोस फिरतात. प्रत्येकाच्या पंखावर नंबर.

"नंबर वाचता येतोय," मागून पहिल्यांदाच आवाज आला. "म्हणजे तो आपल्याला मेलेलं समजून फारच जवळ आलाय."

काँडोर मेलेल्या जनावरांवरच जगतो, त्यामुळे मित्राच्या शंकेत तथ्य होतं.

टिल्टेड मेसापाशी वाट अखेर पदर सोडते आणि रेडवॉलमधून खाली कोसळते. रेडवॉल म्हणजे ३४ कोटी वर्षांपूर्वीची चुनखडी. तिचा मूळ रंग करडा, वरच्या सुपायमधल्या लोहाचं पाणी झिरपून ती वरवर लाल झाली आहे. जवळून फुटलेला तुकडा बघितला की कळतं. बाकी या उताराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गुडघे, काठ्या, घसारा, पुन्हा गुडघे. तिथेही एका कपारीत पाणी ठेवलं. यावेळी भांडण झालं नाही. मुलीने स्वतःहून माणशी दोनऐवजी अडीच लिटर ठेवलं आणि बापाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नॅनकोविप ओढा लागला तो ऊन कलल्यावर. वाहत्या पाण्याचा आवाज आधी येतो, मग कॉटनवुडची झाडं दिसतात. त्या संध्याकाळी आम्ही तिघं किती पाणी प्यालो ते सांगत नाही. ओढ्याकाठाने आणखी पाचेक किलोमीटर गेलं की नदी. १९६३ पासून वर ग्लेन कॅन्यनचं धरण असल्यामुळे नदी इथे बहुतेक वेळा स्वच्छ आणि हिरवी असते. धरणाआधी ती लाल गाळाने भरलेली असायची. अजूनही वरच्या पॅरिया नदीला पूर आला की पाणी गढूळ होतं, आणि तेव्हा इथले होडीवाले बादलीत तुरटी फिरवतात. हे ऐकून मित्राला झालेला आनंद त्याला काँडोर पाहूनही झाला नव्हता.

ओढ्याने नदीच्या कडेला मोठी पंख्याच्या आकाराची जमीन तयार केली आहे. त्या जमिनीवर नऊशे वर्षांपूर्वी मका, भोपळा आणि घेवडा पिकायचा. पिकवणारे प्युब्लो लोकांचे पूर्वज. आणि त्या शेतांच्या वर, नदीपासून कित्येकशे फुटांवर, कड्याच्या पोटातल्या एका लांब खोबणीत त्यांनी बांधलेली धान्याची कोठारं अजून उभी आहेत. सपाट दगड एकावर एक रचून, मातीने सांधून केलेली भिंत, आणि तिला ओळीने चौकोनी तोंडं. माणूस कसाबसा आत जाईल एवढीच. धान्य भरून तोंडावर दगडाची पाटी बसवायची आणि मातीने लिंपून टाकायचं. वर पाऊस लागत नाही, पूर पोचत नाही, उंदीर-घुशींना चढण अवघड. शेत खाली आणि कोठार वर, मध्ये घाम काढणारा चढ. प्रत्येक टोपली डोक्यावर किंवा पाठीवर तिथवर गेली.

आमच्याकडे पन्हाळ्यावर अंबरखाना आहे, गंगा, यमुना, सरस्वती नावाची प्रचंड कोठारं. ती बघताना राज्य, फौज, वेढा हे सगळं डोळ्यांसमोर येतं. इथे तसलं काही येत नाही. इथे फक्त पुढचा हिवाळा येतो. सुगीत पोट भरलेलं असताना कुणीतरी फेब्रुवारीतल्या स्वतःचा विचार केला, आणि त्या फेब्रुवारीतल्या माणसासाठी एवढा चढ चढला. मला सुपायच्या पदराआधीचं आमचं भांडण आठवलं. इथेही कुणीतरी म्हणालं असेल, दोन टोपल्या पुरतील. आणि कुणीतरी, बहुतेक दुष्काळ पाहिलेल्या म्हातारीने, तिसरी टोपली भरायला लावली असेल.

पर्यटकांना सांगताना अजूनही काही लोक 'ते लोक गूढरीत्या नाहीसे झाले' असं म्हणतात. मला हे वाक्य चीड आणतं. पाऊस कमी होत गेला, १२ व्या शतकात ते इथून निघाले आणि त्यांचे वंशज होपी आणि झुनी आजही आहेत. फिनिक्सहून इकडे येताना रस्त्याच्या पूर्वेला होपींची गावं राहतात. त्यातलं ओराइबी हे या कोठारांच्याच काळापासून वसलेलं आहे. ते लोक अजून मका लावतात, पावसाच्या भरवशावर, वाळूत खोल भोक पाडून. एकाहून जास्त वर्षांचं धान्य घरात असावं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. यात गूढ काय आहे?

कोठारं आज रिकामी आहेत. सुरुवातीला मला ते उदास वाटलं, मग वाटलं की कोठार रिकामं असणं हीच त्याची साफल्याची खूण. ज्याच्यासाठी भरलं तो परत आला आणि त्याने खाल्लं. भरलेलं राहिलेलं कोठार जास्त भयानक. उद्यानाचे नियमही गंमतशीर आहेत. कोठारं बांधणाऱ्यांच्या ठेवीला हात लावायचा नाही, टेकायचंही नाही; ती वारसा. माझी ठेव मी ठरल्या दिवशी उचलली नाही तर ती कचरा. नियम योग्यच आहेत आणि मी ते पाळतो. पण वारसा आणि कचरा यांच्यात अंतर किती, आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न त्या खोबणीत बसल्यावर डोक्यातून जात नाही. वॉलकॉटच्या तळावरचं एखादं गंजकं डबडं आज सापडलं तर त्याची नोंद होईल, माझं सापडलं तर दंड होईल.

असाच प्रश्न इथल्या नावांचा. इथून दक्षिणेला, कॅन्यनच्या पोटात, विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी शिखरं आहेत आणि सगळ्यात तळच्या १७० कोटी वर्षांच्या खडकालाही विष्णूचंच नाव. क्लॅरेन्स डटन नावाच्या लष्करी अधिकारी-भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास ही देवळांची टूम काढली आणि पुढच्यांनी राम, कृष्ण, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र कुणालाच सोडलं नाही. आमच्याकडच्या लोकांना हे सांगितलं की त्यांची छाती फुगते. माझी फुगत नाही. ज्यांची कोठारं इथे आहेत त्यांचे देव बाजूला ठेवून आमचे आणून बसवले, त्यात आमचं कर्तृत्व काय? नॅनकोविप हे नाव तरी पाययूट लोकांकडून आलेलं आहे, एवढंच समाधान.

आम्ही कोठारांशी बसलो असताना खाली वाळूवर रबरी होड्या लागल्या. वीसेक माणसं, खुर्च्या, मोठमोठे बर्फाचे खोके. लीज फेरीहून नदीने आलेली मंडळी. ती धापा टाकत वर आली, आमचे चेहरे पाहून थबकली. एका बाईंनी विचारलं, तुमच्या होड्या कुठे? वरून चालत आलो म्हटल्यावर त्यांनी वर, कड्यांच्या दिशेने, मान पूर्ण मागे टाकून पाहिलं. खाली उतरल्यावर होडीवाल्याने आम्हाला बर्फातली बियर दिली, संत्री दिली, टोमॅटोसुद्धा दिले. होडी वजन वाहते, म्हणून होडीवाले उदार असतात. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. उत्तरादाखल मुलीने आमच्या स्टोव्हवर, आमच्या त्या चिमुकल्या पातेल्यात, चार खेपांमध्ये सगळ्यांना आलं घालून चहा पाजला. त्यांना तो फार आवडला. जास्त गोड हवा होता, तोही तिने करून दिला.

परतीचा चढ आम्ही काळोखातच सुरू केला, कपाळावर दिवे लावून, रेडवॉलला ऊन येण्याआधी तो संपवायचा म्हणून. टिल्टेड मेसाच्या कपारीतून बाटल्या काढल्या तेव्हा हात भाजतील इतक्या गार होत्या. 'परतीचं' हे अक्षर बघून मला क्षणभर खरोखरच वाटलं की कुणी दुसऱ्याने हे आपल्यासाठी ठेवलंय, आणि त्याचे आभार मानायला हवेत. अडीच लिटर बरोबर पुरलं. थेंब उरला नाही. पदरावरची आडवी वाट चढताना जास्त बरी वाटली; की दमलेल्या माणसाला घाबरायलाही ताकद लागते, म्हणून?

मॅरियन पॉइंटला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं होतं आणि बोचरं वारं सुटलं होतं. अशा हवेत तहान लागत नाही. माणशी लिटरभर प्यालो आणि सहा लिटर पाणी तसंच राहिलं. म्हणजे सहा किलो. वर अजून दोन-अडीच हजार फूट चढायचं होतं.

"बाबा, चढताना विचार म्हणाला होतास ना?" मुलगी म्हणाली. "विचारते. आता याचं काय करायचं?"

तेवढ्यात वरून एक बाई एकट्याच उतरत आल्या. सत्तरीच्या असाव्यात, सॅक जुनी, पावलं नेमकी. आम्ही पाणी देऊ केलं. त्यांनी हसून नको म्हटलं. त्यांचं पाणी त्यांच्याजवळ होतं, मोजून घेतलेलं, आणि दुसऱ्याच्या पाण्यावर आपण हिशोब करत नाही असं त्यांनी शांतपणे सांगितलं. इथेच दोन बाटल्या ठेवून त्या पुढे गेल्या. कुणाच्यातरी उपयोगी पडेल म्हणून आपलंही इथेच सोडावं, असं मनात येऊन गेलं. पण ती बाटली मग कुणाचीच नसते, आणि ते नियमातही बसत नाही. ओतून टाकावं, असं मी सुचवलं. मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पुरं केलं नाही. दहिवडीचा माणूस सहा लिटर चांगलं पाणी जमिनीवर ओतणार नव्हता, मग ती जमीन अमेरिकेतली का असेना.

शेवटी त्याने तीन लिटर एकट्याने स्वतःच्या सॅकमध्ये भरलं आणि उरलेल्याचा चहा करायचा ठरला. वाऱ्याला आडोसा करून मुलीने स्टोव्ह पेटवला. आलं होतं, पत्ती होती, दुधाची पावडर होती. साखरेची पिशवी मात्र नदीवर होडीवाल्यांच्या चार खेपांत केव्हाच संपली होती.

"चालेल," मित्र म्हणाला, आणि पहिला घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "मी म्हटलं होतं, साखर पाव किलो जास्त घे."

"तू पाणी म्हटलं होतंस, बाबा."